विश्लेषण : गाडीला मोठे अलॉय व्हील बसवताय? ‘बसते’ आणि ‘चालते’ यात फरक काय?

नवी गाडी घेताना बजेट ताणून ‘बेस’ किंवा मधले व्हेरिएंट घेतले जाते. काही महिन्यांतच काळी स्टीलची डिस्क आणि तिच्यावरची प्लास्टिकची व्हील कॅप डोळ्यांत खुपायला लागते. शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलला चकचकीत अलॉय असतात. मग गाडी टायरच्या दुकानासमोर उभी राहते. १५ इंचाच्या जागी १६ घालायचे की थेट १७, एवढाच प्रश्न उरतो. दुकानदार सांगतो, ‘साहेब, सतरा आरामात बसेल.’

ते बसतेही. पण चाक बसणे वेगळे आणि ते त्या गाडीला चालणे वेगळे. हा फरक दुकानात दिसत नाही. तो चार माणसे आणि सामान घेऊन घाट उतरताना किंवा पावसाळ्यात पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात चाक आदळल्यावर कळतो. त्यामुळे पैसे देण्याआधी काही आकडे समजून घेतलेले बरे.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

अनेक हॅचबॅक आणि छोट्या सेडान गाड्यांच्या टायरवर ‘१८५/६५ आर१५ ८८एच’ असे काहीतरी लिहिलेले असते. यातील १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ हे टक्के आहेत. टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के आहे असा त्याचा अर्थ. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. अनेकांना ते रिमचे आद्याक्षर वाटते, पण तसे नाही. १५ हा रिमचा व्यास, इंचांत.

शेवटचे ८८ आणि एच बहुतेक जण वाचतच नाहीत. ८८ हा भार निर्देशांक, म्हणजे लोड इंडेक्स आहे. योग्य हवा असताना हा एक टायर ५६० किलोपर्यंत भार पेलू शकतो. एच ही वेगाची मर्यादा असून ती ताशी २१० किलोमीटर आहे. मोठे चाक निवडताना सर्वात आधी याच ८८ कडे पाहायला हवे. ते का, हे पुढे येईलच.

‘अपसाइझिंग’ म्हणजे नेमके काय?

मोठे चाक म्हणजे मोठी रिम. टायरसह पूर्ण चाकाचा व्यास मात्र शक्यतो पूर्वीइतकाच ठेवायचा असतो. रिम मोठी झाली की तेवढी साइडवॉल कमी करायची, असे हे गणित आहे.

ते करून पाहू. १८५/६५ आर१५ या टायरची साइडवॉल सुमारे १२० मिलिमीटर आणि पूर्ण चाकाचा व्यास ६२१.५ मिलिमीटर भरतो. १६ इंचाची रिम घेऊन १९५/५५ आर१६ टायर लावला, तर व्यास ६२०.९ मिलिमीटर होतो. फरक एक मिलिमीटरचाही नाही. १७ इंचावर २०५/४५ आर१७ लावला, तर व्यास ६१६.३ मिलिमीटर, म्हणजे एक टक्क्याहून कमी फरक. या धंद्यात याला ‘प्लस वन’ आणि ‘प्लस टू’ म्हणतात.

गाडी बनवणाऱ्या कंपन्याही हेच करतात. मारुती स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर१४ आणि वरच्या व्हेरिएंटला १८५/६५ आर१५ टायर येतात. रिममध्ये एका इंचाचा फरक आहे, पण चाकाच्या व्यासातला फरक दोन मिलिमीटरच्या आसपास आहे.

व्यास वाढला तर काय बिघडते?

‘ग्राउंड क्लिअरन्स वाढेल’ म्हणून काही जण मुद्दाम उंच टायर लावतात. समजा, १८५/६५ आर१५ च्या जागी २०५/६० आर१६ लावला. आता व्यास ६५२ मिलिमीटर, म्हणजे पाच टक्के जास्त. गाडी १५ मिलिमीटर वर उचलली जाते. स्पीड ब्रेकरवर तळ घासणे कमी होते, हे खरे. पण गाडीच्या संगणकाला चाक बदलल्याचे माहीत नसते. तो पूर्वीच्याच व्यासाने हिशेब करत राहतो.

त्यामुळे पूर्वी ज्या वेगाला काटा १०० वर असायचा, त्यापेक्षा गाडी आता पाच टक्के जास्त वेगाने पळत असताना काटा १०० दाखवतो. स्पीडोमीटरने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतो. म्हणून कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवतात. मोठा टायर ही राखीव जागा खाऊन टाकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. तिथल्या कॅमेऱ्याला तुमचा काटा दिसत नाही, गाडीचा खरा वेग दिसतो.

किलोमीटरचेही तसेच. गाडी १००० किलोमीटर चालली, तर पूर्वीच्या मानाने ओडोमीटरवर ९५२ च पडतात. ‘मोठी चाके लावली आणि अ‍ॅव्हरेज पडले’ या तक्रारीचा काही भाग या चुकीच्या मोजणीतूनच येतो. शिवाय मोठ्या व्यासामुळे प्रत्येक गिअर पाच टक्के ‘लांब’ होतो. लहान इंजिनाच्या गाडीला घाटात खालचा गिअर लवकर लागतो आणि चढावर गाडी उचलताना क्लचवर ताण येतो.

व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा टायर व्यवसायातला ढोबळ नियम आहे. जितका कमी तितका चांगला. चारही चाकांचा व्यास सारखा असणेही महत्त्वाचे आहे. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल या यंत्रणा चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करूनच निर्णय घेतात.

लोड इंडेक्स इतका महत्त्वाचा का?

व्यास तोच ठेवून रिम मोठी केली की टायरमधली हवेची जागा कमी होते. गाडीचा भार रबरापेक्षा त्याच्या आत कोंडलेली हवा जास्त पेलते. हवा कमी झाली की क्षमताही घटते.

वरचीच तीन उदाहरणे पाहू. १८५/६५ आर१५ साठी निर्देशांक ८८, म्हणजे ५६० किलो. १९५/५५ आर१६ च्या साध्या टायरसाठी तो ८७, म्हणजे ५४५ किलो. २०५/४५ आर१७ च्या साध्या टायरसाठी फक्त ८४, म्हणजे ५०० किलो. दिसायला दणकट वाटणाऱ्या १७ इंची चाकाने प्रत्येक टायरमागे ६० किलोंची क्षमता गमावलेली असते.

चार टायरची बेरीज २००० किलो होते आणि छोटी गाडी माणसे-सामानासह दीड टनाच्या आतबाहेर असते, मग भीती कशाची, असे कुणी विचारेल. पण वजन चार चाकांवर कधीच सारखे वाटले जात नाही. इंजिन पुढे असते. ब्रेक दाबला की आणखी भार पुढे सरकतो. वळणावर तो बाहेरच्या चाकांवर जातो आणि खड्ड्यात एकाच चाकावर क्षणभर कितीतरी जास्त धक्का बसतो. शिवाय हा निर्देशांक पूर्ण हवेचा असतो. साध्या टायरची ही क्षमता ३६ पीएसआयला मोजलेली असते. आपण ३० ते ३३ च्या दरम्यान हवा भरतो आणि तीही महिना-दीड महिना तपासत नाही. म्हणजे प्रत्यक्षातली क्षमता छापील आकड्यापेक्षा कमीच असते.

यावर उपाय म्हणून ‘एक्सएल’ म्हणजे एक्स्ट्रा लोड टायर मिळतात. २०५/४५ आर१७ मध्ये ८८ निर्देशांकाचा एक्सएल टायर असतो. आकड्यावर तो पूर्वीच्या टायरच्या बरोबरीला येतो. पण ही क्षमता त्याला ४२ पीएसआय हवेवर मिळते. एक्सएल टायर घेऊन त्यात जुन्या सवयीने ३० हवा भरली, तर जास्तीच्या क्षमतेचा फायदा मिळत नाही. चाक बदलले की हवेचा आकडाही बदलतो, हे दुकानात क्वचितच सांगितले जाते. दारावरच्या स्टिकरवरील आकडा फक्त मूळ मापांपुरता असतो. इलेक्ट्रिक गाड्या बॅटरीमुळे जड असतात, त्यांच्या बाबतीत हा मुद्दा आणखी गंभीर होतो.

खड्ड्यात काय घडते?

चाक खड्ड्याच्या कडेवर आदळते तेव्हा पहिला धक्का साइडवॉल झेलते. ती दबते, धक्का पसरतो आणि उरलेला भाग स्प्रिंग व शॉकअपकडे जातो. १५ इंचाच्या टायरमध्ये त्यासाठी १२० मिलिमीटर उंची होती. १७ इंचाच्या टायरमध्ये ९२ च उरते. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये टायर चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि काही वेळाने साइडवॉलवर टेंगूळ येते. टेंगूळ आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो वेगात फुटू शकतो, त्यामुळे बदलावाच लागतो.

रिमचेही तसेच. स्टीलची डिस्क वाकते आणि टायरवाला ती ठोकून सरळ करतो. अलॉय कमी वाकते, जोराच्या धक्क्याला तिला तडा जातो. तडा गेलेली रिम वेल्डिंग करून, रंग देऊन पुन्हा विक्रीला आलेली दिसते. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेच्या धातूची ताकद कमी होते. त्यामुळे अशी जुनी अलॉय स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

चाक जड झाले तर?

‘अलॉय म्हणजे हलके’ हा समज नेहमी खरा नसतो. १७ इंची ओतीव अलॉय आणि रुंद टायर मिळून मूळच्या १५ इंची स्टील चाकापेक्षा जड भरू शकतात. चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. ते वाढले की खडबडीत रस्त्यावर चाकाला जमिनीशी चिकटून राहणे कठीण जाते आणि गाडी आदळत चालल्यासारखी वाटते.

दुसरे असे की चाक फिरणारी वस्तू आहे. तिचे वजन मध्यापासून जितके दूर, तितका तिला फिरवायला आणि थांबवायला जोर जास्त लागतो. रिम मोठी झाली की धातू बाहेरच्या बाजूला सरकतो. इंजिनाला वेग पकडायला जास्त इंधन लागते आणि ब्रेकला जास्त काम करावे लागते. इंजिन आणि ब्रेक मात्र जुनेच असतात. दुकानात जुने आणि नवे चाक टायरसह वजनकाट्यावर ठेवायला सांगणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

पीसीडी, ऑफसेट, सेंटर बोअर ही काय भानगड?

रिमच्या इंचांइतकीच ही तीन मापे महत्त्वाची आहेत.

पीसीडी म्हणजे नट किती आणि ते किती व्यासाच्या वर्तुळावर आहेत. स्विफ्टचा पीसीडी ४×१०० आहे, ह्युंदाई क्रेटाचा ५×११४.३. फियाट पुंटोचा ४×९८ आहे. ४×९८ ची रिम ४×१०० च्या हबवर नट आवळून ‘बसवता’ येते. फरक फक्त दोन मिलिमीटरचा असतो. पण मग नट नीट टेकत नाहीत, बोल्ट तिरके ओढले जातात आणि ते सैल होण्याचा किंवा तुटण्याचा धोका राहतो.

सेंटर बोअर म्हणजे रिमच्या मधले भोक. मूळ रिम हबच्या उंचवट्यावर अचूक बसते. बाजारातल्या रिमचे भोक बहुधा मोठे ठेवलेले असते, म्हणजे ती अनेक गाड्यांना चालते. मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसेल, तर बॅलन्सिंग करूनही ठराविक वेगाला स्टीअरिंग थरथरते.

ऑफसेट हे सर्वात जास्त दुर्लक्षित माप. रिम जिथे हबला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर सरकलेली आहे, हे त्यातून कळते. रिमवर ते ‘ईटी’ या अक्षरांपुढे लिहिलेले असते. समजा मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. नवी रिम सात इंच रुंद आणि ईटी ३५ आहे. हिशेब केला तर नव्या रिमची बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली कड नऊ मिलिमीटर आत जाते.

बाहेर आलेले चाक रुबाबदार दिसते. पण त्याने बेअरिंगवर पडणारा भार पुढे सरकतो, स्टीअरिंग खड्ड्यात हिसके देते आणि चिखल थेट दारांवर उडतो. आत गेलेली कड शॉकअपला किंवा ब्रेकच्या पाइपला घासू शकते. रिकाम्या गाडीत काहीच घासत नाही. मागे तीन माणसे बसली, स्टीअरिंग पूर्ण वळवले आणि वर खड्डा आला, की मडगार्डच्या आतून आवाज येतो.

मग कंपन्या स्वतः मोठी चाके का देतात?

मोठ्या चाकाचे फायदे खरे आहेत. साइडवॉल कमी असली की वळणावर टायर कमी दबतो आणि स्टीअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो. मोठ्या रिममध्ये मोठी ब्रेक डिस्क मावते. गाडी भरीव दिसते, हाही विक्रीतला मुद्दा आहेच.

पण कंपनी नुसती रिम बदलत नाही. मोठ्या मापाची चाचणी त्याच गाडीवर, पूर्ण भार टाकून, पूर्ण वळवून घेतली जाते. टायरचा निर्देशांक, हवेचा आकडा आणि स्पीडोमीटर त्यानुसार ठरतात. दुकानात ही जबाबदारी गाडीमालकावर येते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी याच कलमाचा अर्थ स्पष्ट केला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाला धरून राहण्यावर भर दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ बदलले गेले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी देते ते माप सर्वात सुरक्षित. ते उत्पादकाच्या तपशिलातच असते. त्याच्या पलीकडे जितके जाल, तितकी वादाला जागा वाढते.

विम्याचे काय?

खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत फक्त टायरचे नुकसान भरून मिळत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झालेले असेल तरच टायरचा विचार होतो आणि तोही बदलण्याच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. म्हणजे खड्ड्यात टायर फाटला, गाडीला ओरखडाही नाही, तर पूर्ण खर्च खिशातून. मोठ्या मापाचे टायर महाग असतात, हे यात जोडून पाहा.

चाके बदलल्यावर विमा कंपनीला ईमेलने कळवून उत्तर जपून ठेवावे. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेत आला, तर दावा अडकू शकतो. सस्पेन्शन किंवा बेअरिंगच्या वॉरंटीबाबतही सर्व्हिस सेंटरला आधी विचारलेले बरे.

बसवायचेच असेल तर काय तपासावे?

१. वरच्या व्हेरिएंटचे माप आधी पाहा. बहुतेकांची हौस तिथेच भागते. त्यापुढे जायचे तर एका इंचावर थांबा.

२. पूर्ण चाकाचा व्यास मोजा. फरक शक्यतो एक टक्क्यात, फार तर तीन टक्क्यांच्या आत असावा.

३. नव्या टायरचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. एक्सएल असेल, तर हवेचा नवा आकडा टायर कंपनीच्या तक्त्यातून लिहून घ्या.

४. पीसीडी तंतोतंत जुळायला हवा. सेंटर बोअर मोठे असेल, तर हब रिंग मागा. ऑफसेट मूळच्या जवळचा ठेवा. चाक बाहेर काढण्यासाठी स्पेसर लावू नका.

५. रिमवर आयएसआय चिन्ह आणि भार क्षमता शोधा. मोटारींच्या अलॉय रिमसाठी आयएस १६१९२ हे भारतीय मानक आहे आणि रिमच्या गुणवत्तेबाबत केंद्राने २०२० मध्ये आदेश काढला आहे. जपानी रिमवर जेडब्ल्यूएल चिन्ह असते. वळणाचा ताण, सततचा भार आणि कडेवरचा आघात अशा चाचण्या या मानकांमागे असतात. ‘कंपनीसारखीच’ दिसणाऱ्या बिनखुणेच्या रिममागे काय आहे, हे कुणालाच सांगता येत नाही.

६. बसवल्यावर चार माणसे बसवून, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, स्पीड ब्रेकरवरून गाडी न्या. घासल्याचा आवाज आला, तर तिथेच परत द्या.

७. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळून घ्या. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नव्या रिमचे नट जुन्या स्टेपनीला चालतात का, हेही दुकानातच पाहून घ्या. रात्री घाटात पंक्चर झाल्यावर ते कळू नये.

८. टायरमधली हवा दाखवणारी टीपीएमएस यंत्रणा असेल, तर तिचे सेन्सर नव्या रिममध्ये हलवून घ्या. मूळ चाके विकू नका. गाडी विकताना किंवा काही वाद निघाला तर ती उपयोगी पडतात.

गाडी सजवण्यात गैर काही नाही. पण चाक ही सीट कव्हरसारखी वस्तू नव्हे. गाडी आणि रस्ता यांच्यात तळहाताएवढे चारच ठिपके टेकलेले असतात आणि ब्रेक, स्टीअरिंग, घरच्यांचा जीव सगळे त्यांच्यावर अवलंबून असते. त्यामुळे पुढच्या वेळी ‘सतरा आरामात बसेल’ असे ऐकलेत, की एकच प्रश्न विचारा, ‘लोड इंडेक्स आणि ऑफसेट किती?’ उत्तर लगेच आले, तर दुकान बरे आहे. उत्तराऐवजी चकचकीत रिमचा फोटो पुढे आला, तर गाडी तशीच घरी न्या.